घरच्या घरी ठोसा शिकताना: आधी मनगट, मग पाय, शेवटी बॅग

ऑगस्ट १९८८ मध्ये माइक टायसन हेवीवेट बॉक्सिंगचा निर्विवाद जगज्जेता होता. एका पहाटे न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात मिच ग्रीन या जुन्या प्रतिस्पर्ध्याशी त्याची भर रस्त्यात जुंपली. टायसनने नुसत्या मुठीने ठोसा हाणला आणि स्वतःच्याच उजव्या हाताचं हाड मोडून घेतलं. ठरलेली पुढची लढत त्यामुळे लांबणीवर पडली. त्या काळात त्याच्याइतका जोरदार ठोसा क्वचितच कोणाकडे होता, तरी पट्टी आणि ग्लोव्ह्ज नसताना त्याच्या हाताने दगा दिला.

घरी सराव सुरू करणाऱ्या प्रत्येकाला मी हा प्रसंग आधी सांगतो. ठोशाच्या सगळ्या साखळीत हात हा सर्वांत नाजूक दुवा आहे. ताकद पायांतून आणि कमरेतून येते. ती मोडतोड न होता समोरच्या वस्तूपर्यंत पोहोचवणं एवढंच हाताचं काम. बहुतेक जण मात्र उलट क्रमाने शिकतात: आधी ठोसे मारायची बॅग आणतात, जीव खाऊन बडवतात आणि मनगट दुखायला लागल्यावर तंत्र शोधू लागतात. मीही हेच केलं होतं. पहिल्याच आठवड्यात बॅगेवर हुक, म्हणजे बाजूने वळवून मारायचा ठोसा, मारताना मनगट आत वळलं आणि पुढे दीड महिना बाटलीचं झाकणसुद्धा डाव्या हाताने उघडावं लागलं. म्हणून या लेखात बॅग बरीच उशिरा येते. तो क्रम मुद्दाम ठेवलेला आहे.

मूठ

पंजा सरळ उघडा. बोटं आधी टोकाकडच्या दोन सांध्यांत दुमडा आणि मग ती गुंडाळी तळहातात घट्ट बसवा. आत पोकळी राहता कामा नये. अंगठा बाहेरून तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मधल्या पेरावर आडवा टेकतो. अंगठा मुठीच्या आत कोंडला तर आदळताना तोच मोडतो. वर किंवा बाजूला काढून ठेवला तर कुठेतरी अडकून मुरगळतो.

आदळायचं ते तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मुळाशी असलेल्या दोन उंचवट्यांनी, म्हणजे पहिल्या दोन नकल्सनी. यामागे शरीररचनेचं कारण आहे आणि ते तुम्हाला आत्ताच हाताने तपासता येईल. दुसऱ्या हाताच्या चिमटीत करंगळीचा नकल धरून पुढेमागे हलवा, तो सहज हलतो. आता मधल्या बोटाचा हलवून बघा, तो जवळपास जागचा हलत नाही. तर्जनी आणि मधल्या बोटाची तळव्यातली हाडं मनगटाशी पक्की जखडलेली असतात आणि अंगठ्याच्या बाजूच्या जाड हाडाच्या रेषेत येतात. त्यामुळे धक्का सरळ हातात जातो. अनामिका आणि करंगळीची हाडं सैल आणि बारीक असतात. करंगळीच्या हाडाची मान मोडण्याचा प्रकार इतका नेहमीचा आहे की वैद्यकात त्याला ‘बॉक्सर्स फ्रॅक्चर’ असंच नाव पडलं. मुरलेल्या बॉक्सरपेक्षा ते रागाच्या भरात भिंतीवर किंवा दारावर गुद्दा हाणणाऱ्यांतच जास्त दिसतं.

मनगट सरळ हवं. मूठ वळा आणि पंजाच्या मागच्या बाजूपासून हातावर फूटपट्टी ठेवा. ती दोन्हीकडे टेकली पाहिजे. मूठ खाली झुकली असेल तर आदळताना मनगट आत दुमडेल, वर उचललेली असेल तर मागे. मग भिंतीसमोर हातभर अंतरावर उभे राहा, मूठ खांद्याच्या उंचीवर भिंतीला नुसती टेकवा आणि शरीराचा भार हळूहळू त्या दोन नकल्सवर सोडा. मनगट डगमगतं का, भार करंगळीकडे घसरतो का, ते बघा. दोन्ही हातांनी दहा-दहा सेकंद, पाच वेळा. पहिले दोन आठवडे हा व्यायाम रोज करा. मला विचाराल तर घरच्या सरावातला हा सगळ्यात मोलाचा भाग आहे आणि लोक नेमका हाच टाळतात.

मूठ सतत आवळून ठेवू नका. गार्डमध्ये, म्हणजे मुठी गालांजवळ धरून उभं असताना, बोटं सैल, जणू हातात पाखरू धरलंय अशी. आदळण्याच्या क्षणी मूठ घट्ट, लगेच पुन्हा सैल. कॅनडातले पाठीच्या दुखण्यांचे संशोधक स्टुअर्ट मॅकगिल यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लढवय्यांच्या स्नायूंची हालचाल मोजली होती. त्यात हाच आकृतिबंध दिसला: सुरुवातीला स्नायू आवळतात, मधल्या प्रवासात सैल होतात आणि आदळताना पुन्हा आवळतात. सगळं अंग आधीपासून ताठ असेल तर स्वतःचेच स्नायू ब्रेक लावतात. ठोसा दिसायला जोरदार असतो, पण पोहोचतो संथ.

उभं राहणं

जमिनीवर खडूने किंवा चिकटपट्टीने एक सरळ रेघ आखा. उजव्या हाताचे असाल तर डावा पाय पुढे, रेघेच्या डावीकडे, आणि उजवा मागे, रेघेच्या उजवीकडे. दोन्ही पाय एकाच रेघेवर आले तर बाजूने हलका धक्का लागला तरी तोल जातो. पायांमधलं अंतर खांद्यांपेक्षा थोडं जास्त, पुढचा चवडा किंचित आत वळलेला, मागची टाच जमिनीपासून दोन बोटं वर, गुडघे मऊ. वजन दोन्ही पायांवर साधारण सारखं. हनुवटी खाली, मुठी गालाच्या हाडांजवळ, कोपरं बरगड्यांना लागून. डावखुऱ्यांनी हेच आरशातल्यासारखं उलट करायचं.

हलताना ज्या दिशेला जायचं त्या बाजूचा पाय आधी सरकतो, दुसरा मागोमाग तेवढाच. पायांची कात्री होऊ द्यायची नाही. पाच मिनिटं नुसतं पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे चाला. कंटाळवाणं आहे, पण पोटऱ्या भरून आल्या की समजा बरोबर चाललंय.

जॅब आणि क्रॉस

जॅब म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा. मूठ गालापासून निघते, सरळ रेषेत जाते आणि शेवटच्या वीतभर अंतरात वळून तळहात जमिनीकडे होतो. पुढचा पाय त्याच वेळी चार बोटं पुढे सरकतो. खांदा वर येऊन हनुवटीला भिडतो. कोपर बाहेर फाकलं तर ठोसा वाकडा जातो आणि मनगटावर तिरपा भार येतो. हे आपलं आपल्याला कळत नाही, म्हणून भिंतीला पुढच्या हाताचा खांदा जवळजवळ टेकेल असं उभं राहून, भिंतीकडच्या हाताने हळू जॅब मारा. कोपर भिंतीला घासलं की समजायचं, ते फाकतंय.

कोपर पूर्ण ताठ होण्याच्या जरा आधीच ठोसा संपला पाहिजे. हवेत पूर्ण जोराने मारून कोपर खटकन लॉक करणं हे घरच्या सरावातलं कोपरदुखीचं नेहमीचं कारण आहे. त्याच कारणाने हातात डंबेल घेऊन हवेत ठोसे मारू नका. डंबेल हात खाली खेचतं आणि ठोसा जातो पुढे, तेव्हा ताकद चुकीच्या दिशेला वाढते आणि खांद्याला विनाकारण ताण बसतो.

क्रॉस हा मागच्या हाताचा ठोसा. इथे थोडं थांबू, कारण ताकद कुठून येते हे एकदा अंगात उतरलं की बाकीचे ठोसे त्याच्याच पोटात आहेत.

हात छातीवर दुमडून गार्डच्या पवित्र्यात उभे राहा. हातांना आज काम नाही. मागच्या चवड्यावर जोर देऊन टाच बाहेरच्या बाजूला फिरवा, पायाखाली एखादा किडा चिरडताय तशी. टाच फिरली की गुडघा आत वळतो, गुडघ्यामागून खुबा आणि खुब्यामागून छाती. शेवटी मागचा खांदा पुढच्या खांद्याच्याही पुढे आलेला असेल. पुढचा गुडघा थोडा वाकलेला आणि पक्का राहतो, दारासाठी बिजागरी असावी तसा. तो ढिला पडला तर सगळं शरीर पुढे कोसळतं आणि जोर वाया जातो. हे वळण पन्नास वेळा करा. मगच त्याला हात जोडा: टाच, खुबा, खांदा आणि सगळ्यांत शेवटी मूठ. नवशिक्याचा हात आधी निघतो आणि कमर मागाहून येते. तसं होत असेल तर वेग अर्ध्यावर आणा आणि क्रम मोठ्याने म्हणत मारा.

तपासण्याची एक सोपी युक्ती आहे. क्रॉस पूर्ण लांबवून तिथेच थांबा आणि स्थिर राहा. तीन सेकंद तोल सांभाळता आला, नाक पुढच्या गुडघ्याच्या पलीकडे गेलेलं नसलं आणि दुसरी मूठ अजून गालाजवळ असली, तर ठोसा बरोबर आहे.

हात परत आणणं हाही ठोशाचाच भाग. ज्या रेषेने गेला त्याच रेषेने, गेला त्याच वेगाने गालापाशी. हात खाली ओघळू देण्याची सवय लागली की ती मोडायला फार वेळ जातो. प्रत्येक ठोशाबरोबर दात मिटून तोंडाने छोटा ‘स्स’ असा श्वास सोडा. श्वास रोखून मारणारा माणूस मिनिटभरात धापा टाकतो.

हुक आणि अपरकट

हुक पुढच्या हाताचा. कोपर साधारण काटकोनात, हात जमिनीला समांतर, आणि फिरतं ते शरीर. पुढची टाच बाहेर फिरते, खुबा वळतो आणि कोनात गोठवलेला हात त्याच्याबरोबर वाहून नेला जातो. हात मागे खेचून गोफणीसारखा भिरकावला की कोपर खाली पडतं आणि मूठ आतल्या बाजूने आदळते. माझं मनगट असंच गेलं. मूठ उभी ठेवायची, म्हणजे अंगठा वर, की तळहात जमिनीकडे, यावर प्रशिक्षकांमध्ये मतभेद आहेत. माझं मत असं की पहिले काही महिने अंगठा वर ठेवा, मनगट सरळ राखणं त्यात सोपं जातं. हुक शिकायला सर्वांत जास्त वेळ द्या आणि बॅगेवर तो सर्वांत शेवटी न्या.

अपरकट, म्हणजे खालून वर जाणारा ठोसा, घरच्या सरावात दुय्यम आहे. गुडघे वाकवून थोडं खाली जा, पायांनी वर रेटा, तळहात स्वतःकडे. मारण्याआधी हात कमरेपर्यंत खाली नेऊ नका. उभ्या लटकत्या बॅगेवर अपरकट नीट बसतच नाही, मूठ घासली जाते. तो हवेतच करा.

हवेतला सराव

शॅडो बॉक्सिंगला लोक वॉर्मअप समजतात. माझ्या मते घरच्या माणसासाठी तोच मुख्य सराव आहे. आरशासमोर एक फेरी, आरशाकडे पाठ करून एक. लढतीत फेरी ३ मिनिटांची आणि मध्ये १ मिनिट विश्रांती असते. ही पद्धत बॉक्सिंगच्या १८६७ च्या क्वीन्सबेरी नियमांपासून चालत आली आहे आणि ग्लोव्ह्जची सक्तीही त्याच नियमांनी आणली. सुरुवातीला २ मिनिटांच्या फेऱ्या पुरतात.

दोऱ्याने एक कागद डोळ्यांच्या उंचीवर लटकवा आणि जॅब मारताना मूठ त्याला जेमतेम शिवेल अशी थांबवा. यातून अंतराचा अंदाज येतो. एक लांब दोरी खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत खांद्याच्या उंचीवर बांधून तिच्याखालून एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला निघत चालत जा. कमरेत न वाकता गुडघ्यांतून वाकायचं. फोन बाजूला उभा ठेवून एक फेरी चित्रित करा. आपण करतोय असं वाटतं आणि प्रत्यक्षात करतोय, यातला फरक पहिल्या व्हिडिओत बघून धक्का बसतो, पण सुधारणा तिथूनच सुरू होते.

पट्टी आणि ग्लोव्ह्ज

बॅगेला हात लावण्यापूर्वी पट्टी बांधता आलीच पाहिजे. प्रौढ हातासाठी साधारण साडेचार मीटर लांबीची, किंचित ताणली जाणारी पट्टी घ्या. पट्टीचं मुख्य काम हाताची छोटी छोटी हाडं एकत्र बांधून ठेवणं आणि मनगटाला टेकू देणं हे आहे. धक्का शोषण्याचं काम ग्लोव्ह्जच्या गादीचं.

अंगठ्या काढा, नखं कापा. बांधताना बोटं पूर्ण फाकवलेली हवीत, नाहीतर मूठ वळताच पट्टी रुतेल. पट्टीचा फासा अंगठ्यात अडकवा आणि पंजाच्या मागच्या बाजूने मनगटाकडे न्या. मनगटाभोवती तीन वेढे. तिथून पंजाच्या मागून तिरपं वर जाऊन नकल्सभोवती तीन वेढे. मग बोटांच्या बेचक्यांतून: करंगळी आणि अनामिकेच्या मधून काढून परत मनगटाकडे, तसंच अनामिका आणि मधल्या बोटामधून, तसंच मधलं बोट आणि तर्जनीमधून. अंगठ्याला एक वेढा, उरलेली पट्टी पुन्हा नकल्सवर आणि शेवट मनगटावर. मूठ वळून बघा: वळल्यावर घट्ट, उघडल्यावर आरामशीर. बोटांना मुंग्या आल्या किंवा टोकं पांढरी पडली तर सोडून पुन्हा बांधा. पहिल्या दहा वेळा ती वेडीवाकडीच बसते. वापरून झाल्यावर धुऊन वाळवा, ओल्या पट्टीने कातडी सोलवटते.

ग्लोव्ह्जचं वजन औंसात मोजतात, १ औंस म्हणजे सुमारे २८ ग्रॅम. बॅगेसाठी १२ किंवा १४ औंसाचे बहुतेक प्रौढांना योग्य. पातळ, बोटं उघडी ठेवणारे ग्लोव्ह्ज नवशिक्याने बॅगेवर वापरू नयेत.

बॅग

बॅगेचं वजन आपल्या वजनाच्या साधारण निम्मं असावं. छताला टांगायची तर ती पंख्याच्या हुकाला टांगू नका. झुलणाऱ्या बॅगेचा हिसका तिच्या स्थिर वजनाहून बराच मोठा असतो आणि तो हुक अशा हिसक्यांसाठी बनवलेलाच नसतो. जागा जाणकाराकडून तपासून घ्या, नाहीतर पाण्याने किंवा वाळूने तळ भरायची उभी बॅग आणा. घरी बॅग भरत असाल तर जुन्या कपड्यांच्या चिंध्यांनी भरा. नुसती वाळू भरली तर ती खाली बसून काही दिवसांत दगड होते. चिंध्यांची बॅगही तळाशी कडक होत जाते, म्हणून अधूनमधून ती उलटी करून सैल करा.

भिंत, झाड, दार यांवर ठोसे मारून हाड ‘पक्कं’ करण्याच्या मागे लागू नका. हाडं भार वाढवला तर मजबूत होतात हे खरं, पण ते काम महिन्यामहिन्यांनी होतं आणि एक चुकीचा ठोसा क्षणात ते मोडतो.

पहिले दोन आठवडे बॅगेवर फक्त जॅब आणि क्रॉस, पूर्ण जोराच्या एक तृतीयांशाने. आधी अंतर ठरवा: मूठ बॅगेला टेकलेली असताना कोपरात थोडासा बाक उरला पाहिजे. लक्ष्य बॅगेच्या पृष्ठभागावर न ठेवता चार बोटं आत ठेवा आणि मूठ पोहोचताच मागे घ्या. कान उघडे ठेवा. नीट बसलेल्या ठोशाचा आवाज कोरडा आणि आखूड येतो आणि बॅग जागच्या जागी थरथरते. बॅग लांबवर झोके घेऊ लागली तर तुम्ही मारत नाही आहात, ढकलताय. दमल्यावर सर्वांत आधी मनगट ढिलं पडतं. ते जाणवलं की फेरी अर्धवट राहिली तरी थांबा.

दुखलं तर

सरावानंतर स्नायू भरून येणं वेगळं. एखाद्या हाडावर बोट ठेवल्यावर नेमकं तिथेच दुखणं, सूज, नकल खाली बसल्यासारखा दिसणं, किंवा मूठ वळताना एखादं बोट शेजारच्यावर चढणं, यांपैकी काहीही असेल तर एक्स-रे काढा. अंगठा ताणल्यावर त्याच्या मुळाशी मनगटाजवळ जो खळगा दिसतो, तिथे दाबून दुखत असेल तर विशेष काळजी घ्या. तिथल्या स्कॅफॉइड हाडाचा रक्तपुरवठा तुटपुंजा असतो आणि त्याची चीर पहिल्या एक्स-रेत दिसली नाही असं अनेकदा होतं. दुखणं टिकलं तर साधारण दहा-पंधरा दिवसांनी पुन्हा तपासणी करावी लागते. आणि मूठ कोणाच्या दातांवर आदळून नकल कापला असेल तर ती जखम कितीही लहान दिसो, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. तोंडातले जंतू थेट सांध्यात शिरतात.

ओघाने एक सांगतो. स्वतःच्या बचावासाठी शिकत असाल तर ग्लोव्ह्ज नसताना डोक्यावर मूठ मारण्यापेक्षा तळहाताच्या मनगटाजवळच्या गादीने मारणं हाताला पुष्कळ सुरक्षित. कवटी तुमच्या करंगळीपेक्षा कितीतरी टणक आहे.

घरात मित्राशी किंवा भावाशी ‘हलकं हलकं’ स्पॅरिंग, म्हणजे समोरासमोर लढण्याचा सराव, करू नका, हेडगार्ड असलं तरी. हेडगार्ड कापणं-फाटणं कमी करतं, पण कवटीच्या आत मेंदू हिंदकळणं थांबवत नाही. २०१६ च्या रिओपासून ऑलिंपिकमध्ये पुरुष बॉक्सर हेडगार्डशिवायच लढले आहेत. समोरासमोरचा सराव प्रशिक्षकाच्या नजरेखालीच व्हायला हवा.

पहिले सहा आठवडे

आठवड्यातून चार दिवस, एकेक दिवसाआड जमेल तसे, दर वेळी अर्धा तास. सुरुवातीला पाच मिनिटं दोरीच्या उड्या किंवा जागच्या जागी हलकं धावणं, खांदे आणि मनगटं फिरवणं. पहिल्या आणि दुसऱ्या आठवड्यात भिंतीवरचा मुठीचा टेकू, पायांची चाल, जॅब आणि कमरेचं वळण. तिसऱ्यात क्रॉस आणि जॅब-क्रॉस जोडी, सगळं हवेत, २ मिनिटांच्या चार फेऱ्या. चौथ्यात पट्टी बांधून बॅगेवर दोन फेऱ्या, बाकी हवेत. सहाव्यापर्यंत बॅगेच्या चार फेऱ्या, हुक अजूनही हवेतच.

शेवटची दहा मिनिटं ताकदीसाठी: उठाबशा, प्लँक, पुश-अप. नकल्सवरचे पुश-अप जाड घडी घातलेल्या चटईवर, आधी वरच्या स्थितीत नुसतं स्थिर राहून, मग हळूहळू. ओला टॉवेल दोन्ही दिशांनी पिळणं हा मनगटासाठी साधा आणि उत्तम व्यायाम आहे. रबरी पट्टा छातीसमोर धरून दोन्ही बाजूंना ताणण्याचे दोन सेट रोज करा, कारण ठोसे सतत खांदा पुढे खेचत असतात आणि पाठीमागचे स्नायू मागे पडतात.

बॅगेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही मुठी वळून बघा. ताठरपणा पाच-दहा मिनिटांत गेला तर पुढचा सराव ठरल्याप्रमाणे. दुपारपर्यंत राहिला तर पुढच्या वेळी बॅग नाही, हवेतला सराव करा.

सहाव्या आठवड्याच्या शेवटी पुन्हा एक फेरी चित्रित करा, त्याच जागेवरून, आणि पहिल्या व्हिडिओशेजारी लावून बघा. आधी मागची टाच फिरते का ते बघा. मग ठोसा संपल्यावर हात कुठे परत येतो ते.